मालक नसलेल्यांचा पीएफ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पीएफ हा शब्द आता मराठीच झाला आहे. लग्न ठरवताना ‘मुलाचा पीएफ कापतात का?’ असे विचारले जाते. नोकरी कायम आहे का, मालक बरा आहे का, म्हातारपणी हा माणूस कुणाच्या तोंडाकडे बघणार आहे, हे सगळे त्या एका प्रश्नात विचारून होते. त्यातले ‘कापतात’ हे क्रियापदही नीट पाहण्यासारखे आहे. पगार हातात येण्याआधीच कुणीतरी तो कापतो, त्यात स्वतःचा वाटा घालतो आणि सरकारी निधीत नेऊन भरतो. कापणाऱ्याला आपण दर महिन्याला नावे ठेवतो, पण म्हातारपणाची सोय होते ती त्या कापण्यामुळेच. आज मी बोलणार आहे ते ज्यांचा पीएफ कुणीच कापत नाही त्यांच्याविषयी. त्यांना तो स्वतःच कापावा लागतो, स्वतःच नेऊन भरावा लागतो, आणि भरण्याचे नियम बदलले तर तेही स्वतःच शोधून काढावे लागतात. या तिसऱ्या गोष्टीकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही, म्हणून तिच्यावर जास्त बोलेन.

मी मोऱ्याचा. मोरा म्हणजे उरणचे बंदर. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच इथे लागते. भरती असली तर वेळेवर लागते, ओहोटी असली तर गाळामुळे केव्हा लागेल ते सांगता येत नाही. लाँचमधून उतरणाऱ्या माणसांत दोन जाती असतात, आणि इथे जात म्हणजे धर्माची किंवा कुळाची नव्हे. एक, ज्यांचा पीएफ कापला जातो ते: बंदरात, तेल कंपनीत, सरकारी कचेरीत काम करणारे. दुसरे बाकीचे. कोळीवाड्यातले तांडेल आणि खलाशी, पाटी घेऊन बाजाराला जाणाऱ्या मावश्या, जाळी शिवणारे, बर्फवाले, रिक्षावाले, शिंपी, किराणा दुकानदार. नाखवा खलाशाला हिस्सा देतो, पण नाखवा म्हणजे कंपनी नव्हे. त्याच्याही म्हातारपणाची तीच कथा. कवीलाही मालक नसतो, तेव्हा मी या दुसऱ्या गटातलाच.

उरणकरांना पैशाची ओळख नाही असे कुणी समजू नये. सत्तरच्या दशकात सिडकोसाठी इथल्या जमिनी गेल्या. भाव आणि हक्कासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले, आणि १९८९ मध्ये न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले. पुढे ज्यांना मोबदला मिळाला त्यांना तो एकरकमी मिळाला. त्यातला किती घरांत, किती गाड्यांत आणि किती लग्नांत गेला हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. एकरकमी पैसा येणे आणि साठाव्या वर्षानंतर दर महिन्याला चार पैसे हातात असणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

मालक नसलेल्यांसाठी सरकारने १९६८ साली एक वाट काढली. तिचे नाव सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, बोलताना पीपीएफ. इथे मालकाचा वाटा नाही, कापणारा नाही. तुम्ही तुमच्या सवडीने भरायचे, सरकार व्याज देणार. खाते ज्या आर्थिक वर्षात उघडले ते वर्ष संपल्यापासून पंधरा वर्षे मोजायची, म्हणजे प्रत्यक्षात जवळजवळ सोळा होऊ शकतात. मध्ये अडचण आली तर सुरुवातीच्या वर्षांत कर्ज, आणि उघडल्याचे वर्ष सोडून पाच वर्षे झाली की थोडी रक्कम काढता येते. दुकानदारांसाठी महत्त्वाची गोष्ट अशी की धंद्यात देणे झाले आणि कोर्टाचा हुकूमनामा आला तरी या खात्यावर जप्ती येत नाही. २०१८ साली जुना कायदा रद्द करून ही योजना अल्पबचतीच्या एकाच कायद्याखाली आणली गेली, तेव्हा हे संरक्षण गेले अशी भीती पसरली होती. ते गेले नाही. २०१९ च्या नव्या नियमांतही ते आहे.

योजना एकच असली तरी तिचे आकडे मात्र कधी एका जागी राहिले नाहीत. सुरुवातीला व्याज होते ४.८ टक्के. १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत ते १२ टक्के होते, आणि त्या काळात ज्यांनी खाती उघडली ते अजूनही त्या बारा टक्क्यांच्या आठवणी जुन्या सिनेमाच्या गाण्यांसारख्या काढतात. मग ११, साडेनऊ, नऊ, आणि मार्च २००३ ला ८. पुढे थोडे वर गेले. २०१६ पासून दर तिमाहीला दर जाहीर करण्याची पद्धत आली. एप्रिल २०२० ला तो ७.१ टक्क्यांवर आला आणि नंतर पाच वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिला. वर्षाला जास्तीत जास्त किती भरायचे, ती मर्यादाही ७० हजारांवरून डिसेंबर २०११ मध्ये एक लाखावर आणि २०१४ मध्ये दीड लाखावर गेली. कमीत कमी ५०० रुपये. दीड लाखाची मर्यादा ऐकून मोरा बंदरावरचा माणूस हसतो. त्याच्या कामाचा आकडा आहे तो पाचशेचा.

इथे एक गोष्ट चटकन सांगून टाकतो. आमच्यातली काही घरे व्याज हराम मानून या वाटेला जात नाहीत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, ज्याचा त्याचा ईमान. मात्र ती घरे सोने घेतात किंवा जागेत पैसा अडकवतात, आणि म्हातारपणी औषधापुरती जागा तुकड्याने विकता येत नाही, हेही मी डोळ्यांनी पाहतो.

डिसेंबर २०११ चा उल्लेख केला, त्या तारखेपाशी जरा थांबू या. रिझर्व्ह बँकेच्या डेप्युटी गव्हर्नर श्यामला गोपीनाथ यांच्या समितीने अल्पबचतीचा सगळा पसारा तपासला आणि तिच्या शिफारशींवरून १ डिसेंबर २०११ पासून बरेच बदल झाले. वर्तमानपत्रांत बातमी आली ती मर्यादा एक लाख झाल्याची आणि व्याज वाढल्याची. दुसरा बदल लहान अक्षरांत होता: पीपीएफवर एजंटांना मिळणारे एक टक्का कमिशन बंद झाले. हिशेबाच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. कर वाचवण्यासाठी मार्चअखेरीस लाख रुपये भरणाऱ्या माणसाला एजंट कशाला हवा? पण आमच्याकडे एजंट म्हणजे गल्लीतलीच एक ताई. ती दारात येऊन बसायची, चहा घ्यायची, ‘भाभी, या वर्षीचे पाचशे राहिलेत’ म्हणायची, फॉर्म भरायची, पासबुकावर शिक्का मारून आणून द्यायची. मालक नसलेल्या माणसाच्या आयुष्यात ‘कापणारे’ म्हणून कुणी असेल तर ती ताई होती. आवर्त ठेवीचे कमिशन चालू राहिल्यामुळे ती आवर्त ठेवीसाठी येत राहिली. पीपीएफची आठवण करून देण्याचे तिला काही कारण उरले नाही. माझ्या ओळखीच्या दोन-तीन घरांतली खाती त्यानंतर दोनेक वर्षांतच थांबली. कुणी ठरवून थांबवले नव्हते. विचारणारे कुणी राहिले नव्हते, एवढेच.

अशा थांबलेल्या खात्याला सरकारी मराठीत ‘खंडित खाते’ म्हणतात. लोकांना वाटते, खंडित म्हणजे बुडाले. तसे नाही. वर्षाचे पाचशे भरले नाहीत तर खाते खंडित होते. असलेल्या शिलकीवर व्याज चालू राहते, पण कर्ज आणि मधली उचल बंद होते. ते पुन्हा चालू करायला चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे पाचशे आणि दंडाचे पन्नास रुपये भरायचे. चार वर्षे चुकली तर बावीसशे रुपये, अधिक चालू वर्षाचे पाचशे. मात्र हे मुदत संपण्याच्या आत करावे लागते. म्हणून कुणाचे जुने पासबुक ट्रंकेत पडले असेल तर आधी त्यावरची उघडल्याची तारीख बघा.

आता पाच तारखेचे गणित. पीपीएफचे व्याज महिन्याच्या पाच तारखेला खिडकी बंद होताना आणि महिनाअखेरीस, या दोन वेळांमधल्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात. म्हणजे पाच तारखेपर्यंत भरले तर त्या महिन्याचे व्याज, सहा तारखेला भरले तर त्या रकमेचे व्याज पुढच्या महिन्यापासून. चेक दिला तर तो वटेल ती तारीख धरली जाते, हातात दिल्याची नव्हे. पाच तारीख रविवारी आली तर चारच्या आत भरलेले बरे. मुंबईत काम करणारा माणूस पाच तारखेला पगाराचे पैसे घेऊन निघाला, लाँच गाळात अडकली आणि तो पोहोचेपर्यंत पोस्टाची खिडकी बंद झाली, तर ओहोटीची सबब नियमात नाही.

याने किती फरक पडतो ते मी कागद घेऊन मांडून पाहिले. कवीने मांडलेला हिशेब म्हणून हसू नका, दोनदा तपासला आहे. व्याज ७.१ टक्के आणि पंधरा वर्षे तेच राहिले असे धरू. वर्षाला बारा हजार भरायचे. दर महिन्याला हजार रुपये पाच तारखेच्या आत भरले तर शेवटी साधारण ३ लाख १५ हजार ५०० रुपये होतात. दर महिन्याला पाच तारखेनंतर भरले तर ३ लाख १३ हजार ७०० च्या आसपास. फरक अठराशे रुपयांचा, त्यासाठी जिवाचा आटापिटा करू नये. पण तेच बारा हजार दरवर्षी एप्रिलच्या पाच तारखेच्या आत एकदम भरले तर ३ लाख २५ हजारांवर जातात, आणि दरवर्षी मार्चअखेरीस भरले तर ३ लाख ४ हजारांच्याही आत राहतात. हा फरक एकवीस हजारांचा आहे. वर्षाचे पैसे एकदम भरू शकणाऱ्याने ते मार्चऐवजी पुढच्याच आठवड्यात, एप्रिलच्या सुरुवातीला भरण्याची सवय लावावी. गेल्या वर्षाचे पाचशे तेवढे मार्चमध्ये भरून खाते चालू ठेवायचे. ज्याच्याकडे पैसे येतील तसे भरायचे आहेत त्याच्यासाठी २०१९ च्या नियमांत एक सोय झाली. पूर्वी वर्षातून बाराच वेळा भरता येत असे. ती अट गेली. पन्नासच्या पटीत, पाहिजे तितक्या वेळा भरा. मासळी चांगली लागली त्या आठवड्यात भरणाऱ्यासाठी हा नियम आहे, पण बंदरावर किती जणांना तो ठाऊक आहे, विचारून बघा.

काही बदल असे असतात की ते मागे जाऊन लागू होतात, आणि त्यांची मला जास्त काळजी वाटते. पीपीएफचे खाते एका माणसाचे एकच, हा नियम जुना आहे. पण पूर्वी पोस्टाचे खाते पोस्टाच्या वहीत आणि बँकेचे बँकेच्या. एका खिडकीला दुसरीचा पत्ता नसे. तरुणपणी उरणच्या पोस्टात एक खाते, मग मुंबईत काम लागले तेव्हा तिकडच्या बँकेत दुसरे, असे कित्येकांनी केले. लपवण्याचा हेतू नव्हता. लाँच चुकली की खेप फुकट जायची, म्हणून कामाच्या जागेजवळ खाते हवे होते. सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये अशा खात्यांसाठी सूचना काढल्या आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून त्या लागू झाल्या. दोन खाती असतील तर कोणते मुख्य ठेवायचे ते तुम्ही निवडायचे. दुसऱ्यातली रक्कम मुख्य खात्यात मिळवतात, पण प्रत्येक वर्षाच्या मर्यादेत बसेल तेवढीच. मर्यादेवरची रक्कम बिनव्याजी परत मिळते. तिसरे खाते असेल तर त्याला उघडल्या दिवसापासून शून्य व्याज. आमच्याकडच्या माणसांचे भरणे मर्यादेच्या पुष्कळ खाली असतात, त्यामुळे दोन खाती असलेल्या बहुतेकांचे नुकसान होण्याचे कारण नाही. मात्र स्वतः जाऊन सांगायला हवे.

त्याच सूचनांत परदेशी राहणाऱ्यांचाही विषय होता. रायगड-रत्नागिरीतली मुले आखातात आहेत, उरणची जहाजावर आहेत. अनिवासी भारतीयाला पीपीएफ नव्याने उघडता येत नाही. खाते असताना तो परदेशी स्थायिक झाला तर मुदतीपर्यंत चालवता येते, पुढे वाढवता येत नाही. जुन्या फॉर्मवर ‘तुम्ही कुठे राहता’ हा प्रश्नच नव्हता, म्हणून पुष्कळांनी मुदत वाढवून घेतली. अशा खात्यांना ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत साध्या बचत खात्याचे व्याज मिळाले, त्यानंतर शून्य. प्रश्न फॉर्मने विचारला नव्हता आणि उत्तराची किंमत खातेदाराने मोजली, असे माझे मत आहे. पण माझ्या मताने व्याज मिळत नाही. मुलगा दुबईत असेल आणि त्याचे पासबुक तुमच्या कपाटात असेल, तर त्यावरची मुदत आजच बघा.

आधार आणि पॅनची गोष्ट याहून घराघरातली. ३१ मार्च २०२३ च्या आदेशाने अल्पबचतीच्या सगळ्या खात्यांना आधार सक्तीचे झाले. जुन्या खातेदारांना ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत मुदत होती. दिले नाही तर देईपर्यंत खाते गोठणार. पॅन मात्र प्रत्येकाला लगेच लागत नाही. शिल्लक ५० हजारांवर गेली, किंवा वर्षाचा भरणा एक लाखावर गेला, किंवा एका महिन्यात दहा हजारांवर रक्कम काढली, की दोन महिन्यांत द्यावे लागते. गोठणे म्हणजे जप्ती नव्हे. पैसा तिथेच असतो, फक्त भरता येत नाही आणि काढता येत नाही.

कागद देणे सोपे आहे असे ज्यांना वाटते त्यांनी मोरा-उरणातली नावे पाहावीत. पासबुकावर महंमद, आधारवर मोहम्मद, पॅनवर मोहमद. माझे स्वतःचे नाव चार कागदांवर तीन प्रकारे आहे आणि चारही कागदांवर मीच आहे. कोळीवाड्यात एका कागदावर आडनाव कोळी, दुसऱ्यावर पाटील. बायकांची तर दोन-दोन नावे: पासबुक माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. मासळीबाजारातल्या एका मावशीचे खाते याच कारणाने गोठले. लग्नाआधी बापाने उघडून दिलेले, आणि कागदावरची ती मुलगी म्हणजे आपणच हे तिला पन्नाशीत सिद्ध करावे लागले. राजपत्रात नाव बदलाची नोंद, प्रतिज्ञापत्र, दोन फेऱ्या, प्रत्येक फेरीला एका दिवसाचा बाजार बुडालेला. असे करावे लागणार असेल तर क्रम लक्षात ठेवा: आधी आधारवरचे नाव नीट करून घ्या, मग पॅन, मग पासबुक. उलट क्रमाने गेलात तर दोनदा जावे लागते.

सगळ्यात फसवी जागा मात्र पंधरा वर्षांच्या शेवटी आहे. मुदत संपली की तीन वाटा. पैसे काढून खाते बंद करणे. काही न भरता तसेच राहू देणे, म्हणजे व्याज चालू राहते. किंवा पाच वर्षांसाठी भरणा पुढे चालू ठेवणे, आणि ते पाच-पाच वर्षांनी पुन्हा करता येते. ही तिसरी वाट हवी असेल तर मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत फॉर्म द्यावा लागतो. माझ्या परिचयाचे एक शिंपी आहेत. नियमित माणूस. त्यांनी पंधरा वर्षे भरले, सोळाव्या वर्षीही भरले, सतराव्याही. फॉर्मचे त्यांना कुणी सांगितले नाही आणि खिडकीवर पैसे घेतले गेले. फॉर्मशिवाय केलेला तो भरणा नियमबाह्य ठरला, त्यावर व्याज नाही. मूळ रकमेवरचे व्याज मिळाले, पण पुढे भरणा करायचा हक्क गेला. ज्याने कधी चुकवले नाही त्याचेच नुकसान झाले. नोकरदाराच्या बाबतीत असा कागद कचेरीतला कारकून पुढे करतो. शिंप्याला कारकून कुठला?

आता ज्यांना पाचशे एकदम काढणेही जड जाते त्यांच्याविषयी. २०१०-११ च्या अर्थसंकल्पात स्वावलंबन योजना आली. असंघटित कामगाराने वर्षाला हजार ते बारा हजार भरायचे आणि सरकार त्यात हजार घालणार. मालकाचा वाटा सरकार देते आहे, असे पहिल्यांदाच होत होते. २०१५ मध्ये तिच्या जागी अटल पेन्शन योजना आली. १८ ते ४० वयाचे तिकडे जाऊ शकले. चाळिशी ओलांडलेल्यांना नव्या योजनेत जागा नव्हती. ते जुन्या खात्यात स्वतःचे भरत राहू शकत होते, सरकारचा हजार मात्र गेला. वयाची रेघ कुठेतरी ओढावी लागते हे मला कळते. पण स्वावलंबनमध्ये जिने पाच वर्षे पैसे भरले ती बेचाळिशीची बाई त्या रेघेच्या पलीकडे राहिली, आणि म्हातारपण तिचेच जवळ आलेले होते.

अटल पेन्शनमध्ये साठीनंतर महिन्याला एक ते पाच हजारांची हमी आहे. अठराव्या वर्षी शिरलात तर हजाराच्या पेन्शनला महिन्याला ४२ रुपये, पाच हजाराच्या पेन्शनला २१०. चाळिसाव्या वर्षी शिरलात तर तेच आकडे २९१ आणि १,४५४. वीस-चाळीस वर्षांनंतरच्या पाच हजारांत काय येईल, हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण ही रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. हे म्हातारपणाचे जेवण नव्हे, वरचा चहा आहे. तरी हमीचा चहा नसण्यापेक्षा बरा.

या योजनेतला एक बदल मला मनापासून आवडला. सुरुवातीला हप्ता फक्त महिन्याचा होता आणि बँक खात्यातून आपोआप वळता व्हायचा. आता मच्छीमाराचे वर्ष बघा. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, खात्यात शिल्लक नाही. हप्ता परत जाणार, दंड लागणार. पहिल्या नियमांत सहा महिने चुकले की खाते गोठायचे, बारा महिन्यांनी निष्क्रिय, चोवीस महिन्यांनी बंद. २०१५ मध्येच सरकारने हे बदलले. हप्ता महिन्याचा, तिमाहीचा किंवा सहामाहीचा ठेवता येऊ लागला, आणि कारणही स्पष्ट दिले गेले की अशा माणसांचे उत्पन्न हंगामी असते. दंड शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया एवढाच राहिला, आणि शिल्लक पुरती संपेपर्यंत खाते बंद करायचे नाही असे ठरले. १ जुलै २०२० पासून पेन्शनची रक्कम वर्षातून एकदा, कोणत्याही महिन्यात कमीजास्त करता येते. पूर्वी त्यासाठी एप्रिलच गाठावा लागे. कचेरीत बसून कुणीतरी समुद्राकडे पाहिले असावे, असे हे नियम वाचताना वाटते. तरीही माझ्या माहितीतल्या बऱ्याच खलाशांचे हप्ते अजून महिन्याचेच आहेत, कारण फॉर्मवर पहिला पर्याय तोच होता आणि खूण त्यावर झाली. बँकेत अर्ज देऊन ते बदलता येते. एक लक्षात ठेवा, १ ऑक्टोबर २०२२ पासून प्राप्तिकर भरणाऱ्याला या योजनेत नव्याने शिरता येत नाही. शिरल्याचे आढळले तर खाते बंद करून जमलेले पैसे परत देतात.

शेवटी वारसदाराच्या नोंदीबद्दल, कारण लोक फॉर्म घेऊन माझ्याकडे येतात ते बहुतेक वेळा याच कामासाठी, आणि उशिरा. खातेदार गेला आणि खात्यावर कुणाचे नावच नाही, तर बायकोला वारस दाखले, हमीपत्रे, जामीन यांतून जावे लागते. पीपीएफमध्ये चार जणांपर्यंत नावे घालता येतात, प्रत्येकाचा हिस्सा लिहून. लग्नाआधी खाते उघडलेल्यांनी आईचे नाव घातलेले असते. आई जाते, बायको येते, मुले होतात, आणि खात्यावर अजून आईच असते. नाव बदलण्याची ५० रुपये फी एप्रिल २०२५ मध्ये सरकारने काढून टाकली. खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसदाराला ते खाते पुढे चालवता येत नाही, त्यात नवा भरणाही करता येत नाही. मृत्यूचा दाखला, पासबुक आणि स्वतःची ओळखपत्रे घेऊन दावा करायचा. ज्या महिन्यात पैसे हातात मिळतात त्याच्या आधीच्या महिन्याच्या अखेरपर्यंतचे व्याज त्यात धरलेले असते.